शिफारसपत्राचा खर्डा

प्रोफेसर म्हणाले, डोरीन, तूच लिही,
तू तिला रोज पाहतेस, मी खाली सही करीन.
तर ही मी बसलेय, एप्रिलातल्या शुक्रवारी,
आयोवातल्या या तिसऱ्या मजल्यावर.
पार्किंगच्या कडेला काळा पडलेला शेवटचा बर्फ,
आणि हाताला कलेजीचा वास,
कारण किड्यांचं जेवण आज.

"सोल्वे हाउगेन ही विद्यार्थिनी..."
इथवर येते आणि थांबते.

एकोणीस वर्षं अशी मुलं बघतेय.
सप्टेंबरात येतात, आणि पहिला प्रश्न
किड्यांबद्दल नसतो.
आठवड्याचे किती तास धरायचे?
ताटल्या धुतल्या तर ते संशोधनात मोजतात का?
पेपरात नाव येईल का, आणि मेच्या आत येईल का?
डॉक्टरांच्या मागे उभं राहण्याचे पन्नास,
वृद्धाश्रमात बिंगो खेळवण्याचे दीडशे,
आमचे चारशे:
मेडिकलच्या दारात ओतायची ही तीन मापं.
मी रागावत नाही. दार अरुंद असलं
की माणूस मापं भरतोच.
काही नुसत्या पाट्या टाकतात.
काही इतकं नेटकं काम करतात की वाईट वाटतं,
मन पुढच्या इमारतीत, पांढऱ्या कोटात.

सोल्वेही तशीच. खोटं कशाला लिहू?
बाप डेकोराकडे दुधाचा टँकर चालवतो.
तिच्या फोनात तासांचा तक्ता होता,
पंधरा-पंधरा मिनिटांच्या घरांचा.
"मला उत्तर असलेलं काम आवडतं,"
पहिल्याच दिवशी म्हणाली,
ताटलीतल्या किड्याकडे बघत,
जो डोक्याविना सरकत होता
आपलं काही अडलं नाही अशा थाटात.

बर्फावर ओला कागद, त्यावर किडा, एक काप.
आठवड्या-दोन आठवड्यांत नवं डोकं,
डोळ्यांचे दोन ठिपके, किंचित तिरळे.
ती ठिपके मोजायची.
औषधाच्या पाण्यात डोळे उशिरा येत होते,
निदान तिच्या आकड्यांत.
प्रोफेसर खूश. पोस्टरवर तिचं नाव दुसरं.

मार्चातल्या मंगळवारी मी कोट घालून निघालेली,
ही दारात उभी.
"झाकणं बदललीत, डोरीन.
बहुतेक सहा फेब्रुवारीला, पुसताना.
नावं झाकणांवरच होती."
खात्री आहे?
"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

कुणाला कळलं नसतं.
मलाही नाही, आणि मला बहुतेक सगळं कळतं.
अर्जाला दहा आठवडे उरले होते.
पाच आठवड्यांच्या आकड्यांवर रेघ मारली.
पोस्टर गेलं नाही.
पुन्हा कापले किडे. या खेपेला डोळे वेळेवर आले,
औषधातही, साध्या पाण्यातही.
म्हणजे काहीच नाही.
म्हणजे ज्यावर आम्ही खूश होतो ते नव्हतंच.

रडली. कोल्ड रूममध्ये, सगळे तिथेच रडतात,
पंख्याच्या घरघरीत ऐकू जात नाही.
बाहेर आली नाक पुसत:
"मग त्या एकाला तीन डोळे का आले होते?"
माहीत नाही, मी म्हटलं.
"कुणाला माहीत असेल?"
कुणालाच नाही. तो तर आपण फेकून दिला.
ती बराच वेळ सिंककडे बघत राहिली.
ती संध्याकाळ तिने तक्त्यात टाकली का,
मी विचारलं नाही. टाकली असेल. टाकावीच.

फॉर्मवर चौकोन आहेत: चिकाटी, नेतृत्व, संवाद.
पहिल्या पाच टक्क्यांत की पहिल्या दहांत?
"म्हणूनच सांगतेय" याला चौकोन नाही.

ती संशोधक होणार नाही. तिला डॉक्टरच व्हायचंय,
घराचं कर्ज आहे, धाकटा भाऊ आहे.
मला एवढंच दिसतं, कधीतरी एक रात्र,
कुणाच्या तरी छातीचा फोटो उजेडाला धरलेला,
आणि घाई असूनही ती झाकण पुन्हा बघतेय.

"सोल्वे हाउगेन आमच्याकडे चारशे बारा तास होती.
त्यातले पाच आठवडे तिने स्वतः खोडले."

प्रोफेसर दुसरं वाक्य काढतील.
मी परत घालीन.
आता कलेजी फ्रीजमध्ये ठेवायला हवी.